सूरला कोण कोण गेलं होतं

नीला,

तुझं तेरावं करून मी पुण्याहून परत आलो त्याला आता महिना होईल. कंपनीने तीन आठवड्यांची रजा दिली होती, त्यातले शेवटचे दोन दिवस मी वापरलेसुद्धा नाहीत. सुमनताईकडे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या 'आता पुढे काय ठरवलंत'ला उत्तरं देण्यापेक्षा ओमानमधला, अल हैलचा आपला फ्लॅट बरा, असं वाटलं. चूक झाली. तिथे निदान प्रश्न विचारायला माणसं होती. इथे दार उघडून आत आलो, बूट काढता काढता सवयीने 'आलो गं' म्हणालो आणि एक पाय बुटात, एक बाहेर, असा बराच वेळ उभा राहिलो.

पत्रं लिहिणं हे माझं काम नव्हे. तीस वर्षं मी टेंडरं भरली. माझ्या लिहिण्यात 'वरीलप्रमाणे' असतं, 'सोबत जोडले आहे' असतं आणि खाली सही असते. तू गेल्यावर लोक तुझ्याबद्दल जे बोलायचं ते चांगलंच बोलले, त्यात भर घालायला मी बसलेलो नाही. आपल्यातली एक गोष्ट अर्धवट राहिली आहे आणि ती मला मिटवायची आहे. जानेवारीतला तो वाद. सूरला तू कधी आली होतीस, की नव्हतीस.

वाद कुठून सुरू झाला ते तुला नक्की आठवत असेल, तुला सगळंच आठवायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अल हैल आणि सीबमधल्या आपल्या मंडळातल्या सगळ्या बायका हॉलमध्ये, आम्ही नवरे बाल्कनीच्या दाराशी दाटीवाटीने, हातात तिळाच्या वड्या. ती सानिका, नवीन लग्न होऊन आलेली, तिने तुला विचारलं की काकू, तुम्ही आतापर्यंत सूरला किती वेळा गेलात. प्रश्न रास्त होता. कुणाकडे भारतातून पाहुणे आले की अख्खं मंडळ तुझ्याकडून सूरचा प्लॅन मागून न्यायचं. किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, कुठल्या पेट्रोल पंपावरचं बाथरूम स्वच्छ, सगळं त्यात असायचं. तू तिच्या हातात वाण दिलंस आणि सहज म्हणालीस, "मी? मी एकदाही गेले नाही."

बायका हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मला मात्र झोंबलं. चार लोकांत नवऱ्याची अब्रू काढतेय असं वाटलं. मी तिथूनच म्हणालो की असं काय बोलतेस, सुमनताई आली होती तेव्हा आली होतीस की, गलबतांच्या कारखान्यापाशी तिची चप्पल पाण्यात पडली आणि तू हसून हसून बेजार झालीस.

"हसले होते," तू म्हणालीस. "पण घरी. तुम्ही सगळे परत आल्यावर वन्संनी सांगितलं तेव्हा."

तिथेच गप्प बसलो असतो तर मी कसला. पाहुण्या गेल्या, तू सतरंज्या गोळा करत होतीस आणि मी लॅपटॉप उघडून फोटो शोधत होतो. दोन दिवस मी जेवतानासुद्धा तेच काढत राहिलो. तू एकाही फोटोत नव्हतीस. त्यावर माझं उत्तर तयार होतं की जो फोटो काढतो तो फोटोत नसतोच. या वाक्यावर मी इतका खूश होतो की ते तुला दोनदा ऐकवलं. मग म्हणालो, तू आली नव्हतीस तर पुरावा दाखव. तू कणीक मळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "अहो, मी तिथे नव्हते याचा पुरावा मी आणू कुठून?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकं बिनतोड उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. तरीही मी तुला 'बरं, नव्हतीस' म्हणालो नाही.

गाडीत पाच माणसं बसतात. एवढी साधी ती गोष्ट होती. डिसेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे पाहुणे, आणि चौघांखाली क्वचितच कुणी यायचं. आले की ठरलेली फेरी. मोठी मशीद, मत्र्याचा बाजार, निझव्याचा किल्ला आणि एक अख्खा दिवस सूर. चार पाहुणे आणि गाडी चालवायला मी. कधी पाहुणे तीनच असले तर मधल्या सीटवर आपली इरा, कारण तिला घरी ठेवलं तर ती रुसायची. तू आदल्या दिवशी दशम्या करायचीस, डबे भरायचीस, पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवायचीस, आणि सकाळी सहाला लिफ्टपाशी उभी राहून म्हणायचीस, "तुम्ही जा, मी रात्रीच्या जेवणाचं बघते." दर वेळी हेच वाक्य, याच आवाजात. मी दर वेळी म्हणायचो, "बरं."

आपण दोघंच का नाही गेलो? वर्षाची रजा पुण्याची, हे तर ठरलेलंच. इथली रजा इथे घालवली असं आपल्यात कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही. शुक्रवार-शनिवार म्हणजे उशिरापर्यंत झोप, आठवड्याचा बाजार आणि कुणाकडे तरी जेवण. ओमान बघायचा तो पाहुण्यांनी. आपण नोकरीला आलोय. शिवाय सूर कुठे पळून जातंय, पुढचा पाहुणा आला की जाऊच, असं मी एकवीस वर्षं म्हणत आलो. जायचो मीही, तुला सोडून.

पण तू सूर पाहिलंस, तुझ्या पद्धतीने. रात्री आम्ही घामेजलेले परत यायचो, हातपाय धुऊन पानावर बसायचो आणि तुझी चौकशी सुरू व्हायची. आमटीचा डाव हातात तसाच धरून तू विचारायचीस. वादीत, त्या डोंगरातल्या ओढ्यात, पाणी कुठपर्यंत होतं? म्हाताऱ्या माणसाला उतरता येईल का? गलबतांच्या कारखान्यात सावली कुठल्या बाजूला? चहा किती गोड? मी म्हणायचो, अगं जेवू दे त्यांना, पोलिस चौकी आहे का ही. आणि कुणाला एखादी गोष्ट सांगता आली नाही की तू माझ्यावर घसरायचीस की तुम्ही होतात ना तिथे, मग बघितलंत काय. पाहुणे झोपायला गेले की तू तुझ्या वहीत दुरुस्त्या करायचीस. पुढच्या पाहुण्यांचा प्लॅन आदल्यापेक्षा चांगला व्हायचा. मावशींचे गुडघे दुखले, म्हणून पुढच्या वेळी वादीऐवजी थेट किनारा आला. शुक्रवारी सकाळी गावात शुकशुकाट होता हे कळल्यावर तू लिहिलंस की शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतरच गाव उघडतं, म्हणून आधी वाटेतलं पाणी, मग गाव. एकवीस वर्षं गाडी चालवून मला हे सुचलं नव्हतं.

वादाच्या चौथ्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली एक घडी घातलेला कागद होता. वर लिहिलं होतं, 'सूर. दोन माणसं, एक रात्र.' तू भांडण पुढे नेलं नाहीस, मिटवायचा रस्ता काढलास. मी कागद वाचलादेखील नाही, नुसता वरचा मथळा पाहिला. फेब्रुवारीत मोठं टेंडर होतं. मी म्हणालो, मार्चमध्ये जाऊ, इन्शाल्ला. तू कप उचलून नेता नेता म्हणालीस, "तुमच्यापेक्षा तुमच्या अर्बाबाचं इन्शाल्ला बरं. तो निदान देवावर तरी सोपवतो." मालकावरून मला मारलेला तुझा हा टोमणा मी ऑफिसात सगळ्यांना सांगितला. फार हशा झाला. सूरला गेलो नाही. मग ऊन तापलं आणि जूनमध्ये तुझं पोट दुखायला लागलं. पुढचं तुला माहीत आहे.

दहा दिवसांपूर्वी मंडळाच्या ग्रुपवर सानिकाचा मेसेज आला. काका, आत्ता विचारणं बरोबर नाही, सॉरी, पण सासू-सासरे आणि दीर-जाऊ येताहेत, काकूंचा सूरचा प्लॅन कुणाकडे असेल का? त्यानंतर ग्रुपवर एकदम सामसूम. एरवी तिथे कुणाची उचकी लागली तरी चाळीस मेसेज येतात. सगळे माझ्याकडे बघत असणार, म्हणून मीच लिहिलं की शोधून पाठवतो.

वही स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खणात सापडली, पोळपाटाखाली. ओट्यापाशी उभा राहून मी ती पहिल्यांदा नीट वाचली. खरं सांगतो, इतकी वर्षं मी ती वाचलेली नव्हती. वाचायची गरजच पडली नाही. तू फोनवरून सांगायचीस, पुढचं वळण, पुढचा थांबा, आणि मी चालवायचो. दर पाहुण्याचं वेगळं पान. वर नावं, खाली वेळा, समासात बारीक अक्षरात 'दादांना शुगर, बिस्किटं जवळ' असलं काहीतरी. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी, बदल न होता, तेच एक वाक्य. 'पाचच्या आत दीपगृहापाशी पोचायचं. सूर्य समुद्रात बुडताना बघायचा. मग निघायचं.'

आता तुला ते सांगतो जे मी वादात सांगितलं नाही.

सूरला सूर्य समुद्रात बुडत नाही, नीला. तिथला समुद्र पूर्वेला आहे. सूर्य मावळतो तो मागे, खाडीपलीकडे, गावाच्या आणि डोंगराच्या आड. तुझा भाऊ मधू आला होता ती आमची पहिली खेप. तुझ्या सांगण्याप्रमाणे आम्ही पाचच्या आत दीपगृहापाशी पोचलो, समुद्राकडे तोंड करून रांगेत उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने मधूच्या लक्षात आलं की आपली सावली समुद्रावर पडतेय. सगळे खो खो हसलो. मधू म्हणाला, भावजी, ताईला सांगू नका हं, बिचारी हिरमुसेल. घरी आलो तर तू दारातच विचारलंस, "बुडला?" मी म्हणालो, "बुडला. छान बुडला."

तेव्हापासून प्रत्येक खेपेला परतीच्या वाटेवर मी गाडीत पाहुण्यांना सांगायचो की घरी गेल्यावर ती सूर्यास्ताचं विचारेल, मस्त होता म्हणा. सगळे म्हणायचे. कुणी कुणी तर त्यात रंगही भरायचे. तू डाव हातात धरून ऐकत राहायचीस.

तुला असं का वाटलं ते मला कळतं. तू गुहागरची. सूर्य समुद्रात जातो हे तू चालायला लागायच्या आधीपासून बघत आलीस. अल हैलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेलीस की तो पश्चिमेला, बरका गावाच्या बाजूला, घरांमागे उतरायचा आणि तू म्हणायचीस, एवढा समुद्र असून ही माणसं सूर्य जमिनीत घालवतात. पुढे सूरला उघडा समुद्र आहे, आपलाच अरबी समुद्र, तिथे तरी नीट बुडत असेल, अशी तुझी समजूत. समुद्र आपलाच, पण आपण त्याच्या पलीकडच्या काठावर राहायला आलो होतो. शाळेत भूगोलात पहिली येणारी बाई तू, तुझ्या हे ध्यानात कसं आलं नाही कोण जाणे. कोकणातलं माणूसच ही चूक करू शकतं. मला तिची मजा वाटायची. प्रेमही वाटायचं, ते मात्र मी बोललो नाही.

पण याचा अर्थ काय होतो ते बघ. जिने सूरला एकदा जरी पाय ठेवला असता तिने हे वाक्य लिहिलं नसतं. आणि दर खेपेला मीच लोकांना गप्प राहायला शिकवत होतो. म्हणजे तू कधीच आली नव्हतीस हे मला पहिल्यापासून माहीत होतं. संक्रांतीला तू बोललीस तेव्हाही माहीत होतं. लॅपटॉप उघडून फोटो शोधत होतो तेव्हाही. पुरावा मागत होतो तेव्हा पुरावा माझ्याच खिशात होता.

मग मी भांडलो का? याचं उत्तर मी दहा दिवस शोधतोय. आली नव्हतीस हे कबूल केलं असतं तर पुढचा प्रश्न मला कुणीतरी विचारला असता, की मग तिला नेलं का नाहीत. चार लोकांसमोर लाज नको म्हणून मी तुला खोटं ठरवलं. पडलो तरी नाक वर. तू ते तीन दिवस ऐकून घेतलंस आणि चौथ्या दिवशी मला सहलीचा कागद दिलास. तुझ्या जागी मी असतो तर वर्षभर बोललो नसतो.

तो दोन माणसांचा कागद वहीतच होता. परवाच्या शुक्रवारी मी त्याप्रमाणे निघालो. इराला टोरांटोला फोन करून सांगितलं तर ती घाबरली. "बाबा, अलोन ड्राइव्ह नका ना करू, मी ख्रिसमसला येते, तेव्हा टुगेदर जाऊ." मी म्हटलं, पुढचा पाहुणा आला की जाऊ असं मी फार वर्षं म्हणालोय. तिला काही कळलं नाही, पण तिने हट्ट सोडला. दशम्या मला कुठल्या येणार. खुबूसच्या रोट्या, चीज आणि केळी घेतली. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवायला विसरलो.

कुरियतच्या अलीकडच्या पंपापाशी तो केरळी चहावाला आहे. तुझ्या वहीत त्याचा 'दाढीवाले काका' असा उल्लेख आहे. मावशींसाठी त्याने एकदा आतलं, कामगारांचं बाथरूम धुऊन उघडून दिलं होतं, तेव्हापासून तू दर खेपेला त्याच्यासाठी लाडवांचा डबा पाठवायचीस. आता दाढी पार पांढरी झाली आहे. त्याने मला ओळखलं, चहा ओतला आणि गाडीकडे मान वळवून पाहिलं.

"आज गेस्ट लोग नहीं साब? मॅडम?"

"घर पे है," मी म्हणालो. तोंडातून आपोआप गेलं. इतकी वर्षं मी त्याला हेच सांगत आलो होतो.

तो काउंटर पुसत हसला. "साब, मैं कितना साल से बोलता है. एक बार मॅडम को लेके आओ. इतना लड्डू भेजा, हम शकल नहीं देखा."

मी म्हणालो, "लाएगा." त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण तो इतका निवांत दिसत होता. चहा तसाच घेऊन गाडीत येऊन बसलो, काचा वर केल्या आणि रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. पुण्यात सगळे म्हणत होते की रडा, मोकळे व्हा. तिथे काही आलं नव्हतं.

पुढचा दिवस तुझ्या वेळापत्रकाने गेला. पाऊण तास इथे, वीस मिनिटं तिथे. जमीन खचून झालेला तो निळ्या पाण्याचा खड्डा नऊच्या आत गाठला, तू लिहिल्याप्रमाणे तिथे अजून गर्दी नव्हती. एक सोलापूरकडचं कुटुंब होतं, त्यांनी फोटो काढायला मला फोन दिला. नवरा-बायको आणि दोन मुली. मी विचारलं, गाडीत अजून कुणी आहे का? ते बुचकळ्यात पडले आणि म्हणाले, नाही, सगळे इथेच आहोत. मी फोटो काढून दिला आणि निघालो. दुपारी सूरला पोचलो. नमाज सुटल्यावर गलबतांचा कारखाना उघडला. सावली पूर्वेच्या भिंतीला होती, वहीत बरोबर तसंच. लाकडाच्या तेलाचा वास मला दर खेपेला आला असणार, पण या वेळी पहिल्यांदा जाणवला, कारण कुणाला काही दाखवायचं नव्हतं. एक म्हातारा सुतार गलबताच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून बसवत होता. तू असतीस तर त्याला नाव, गाव, मुलं किती, सगळं विचारलं असतंस, हातवारे करून का होईना. मी नुसता पाहत राहिलो. माझं माणसांशी बोलणं सगळं तुझ्यामार्फत व्हायचं, हे आता कळतंय.

पाचच्या आत दीपगृहापाशी पोचलो. एकटाच होतो. या वेळी मी समुद्राकडे पाठ केली आणि सूर्य जिथे जातो तिकडे पाहिलं. पांढरी घरं पिवळी झाली, खाडीतली गलबतं काळी झाली, आणि तो डोंगरामागे गेला. चांगलंच दिसतं ते, नीला. पाहुणे काही अगदीच खोटं बोलत नव्हते. पण ते तुझं नव्हे. तू दीपगृहापाशी उभी राहून चुकीच्या बाजूला बघत बसली असतीस, मग मला विचारलं असतंस, अहो, हा इकडे काय करतोय, आणि मी तुला चिडवत गाडीपर्यंत आणलं असतं. तेवढंच व्हायला हवं होतं. फार मोठं काही मागत नाही मी.

रात्रीचा मुक्काम मी सूरला कधीच केला नव्हता, कारण घरी तू जेवण करून वाट बघत असायचीस. कागदावर दुसऱ्या दिवसाची फक्त एक ओळ आहे. 'शनिवारी सकाळी काही नाही. नुसतं बसायचं.' प्रत्येक मिनिट लिहून काढणारी तू, तुला ही एक सकाळ मोकळी हवी होती. ही ओळ वाचायला मला दहा महिने लागले. हॉटेलच्या बाल्कनीत मी साडेपाचला जाऊन बसलो. दोन खुर्च्या होत्या. आणि समोर समुद्रातून सूर्य वर आला. आधी नुसती लाल कड, मग अर्धा, मग पुरता, पाण्यातून निथळत आल्यासारखा. मी एकवीस वर्षांत तो पाहिला नव्हता. तुझा सूर्य समुद्रात होता, फक्त सकाळी होता, आणि तो बघायला रात्री थांबावं लागत होतं. तुला इथे आणलं असतं तर तू आधी फसली असतीस, मग मला माफ केलं असतंस, मग दिवसभर बोलत राहिली असतीस. त्या बाल्कनीत मला इतकं एकटं वाटलं की शेजारच्या खोलीतला माणूस खोकला तरी बरं वाटलं.

तिथेच बसून मी सानिकासाठी प्लॅन टाइप केला. तुझाच, शब्दाला शब्द. दोन ठिकाणी बदल केला, रागावू नकोस. सूर्यास्ताच्या ओळीत लिहिलं की संध्याकाळी सूर्य गावामागे जातो, समुद्रातला बघायचा असेल तर रात्री मुक्काम करा आणि लवकर उठा. आणि सगळ्यात वर एक नवी ओळ घातली. 'निघायच्या आधी घरातली माणसं मोजा. एका गाडीत मावत नसतील तर दोन गाड्या करा. रात्रीचं जेवण बाहेर घ्या. स्वयंपाकासाठी घरी कुणी थांबायचं नाही.' ग्रुपवर टाकला. शनिवारची सकाळ, सगळे जागे होते, भराभर हात जोडलेले आले, फुलं आली. कुणीतरी लिहिलं की वहिनींसारखं प्लॅनिंग कुणाला जमायचं नाही.

मग सानिकाने विचारलं. थँक यू काका, इतकं बारीक लिहिलंय, म्हणजे संक्रांतीला काकू आमची गंमतच करत होत्या ना? नक्की किती वेळा गेल्या होत्या त्या सूरला?

संक्रांतीला जे हॉलमध्ये होते ते सगळे त्या ग्रुपवर आहेत. मी लिहिलं, "गंमत नव्हती. नीला खरं बोलत होती, खोटं मी बोलत होतो. ती सूरला कधीच गेली नाही. मी तिला नेलं नाही."